पाळी जाण्याच्या वयात सुटणारे अंग



ह्या पत्रिकेत खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहून येते, हुमणीवर येते, ठिबकच्या अनुदानावर येते. ऊस कोणत्या महिन्यात काय मागतो हे आपल्याला तोंडपाठ असते. पण घरातली बाई पंचेचाळिशी ओलांडते तेव्हा तिच्या शरीरात काय चालते, हे सांगायला कोणी कृषी सहायक बांधावर येत नाही. म्हणून ह्या वेळी ऊस थोडा बाजूला ठेवून आम्ही ह्या विषयाकडे वळलो आहोत. पुरुष सभासदांनी हे पान उलटून उताऱ्याच्या आकड्यांकडे जाऊ नये. तेलाचा डबा आणि साखरेचे पोते घरात आणणारे बहुधा तेच असतात.

तक्रार सगळीकडे एकच ऐकू येते, चाळीसगाव घ्या, चोपडा घ्या नाहीतर साक्री-शिरपूर घ्या. ‘मी काही खास नही, तरी आंग सुटस.’ ब्लाउजची शिवण दर वर्षी उसवून सैल करावी लागते, परकराची नाडी आखूड पडते, जिना चढताना धाप लागते. घरचे लोक थट्टा करतात, की आता सून आली, बसून खायचे दिवस आले. बाई बिचारी हसते आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी एक उपवास धरते. अंग काही उतरत नाही.

ह्यात बाईचा खोटेपणा नाही आणि केवळ खादाडपणाही नाही. आपल्या देशात पाळी जाण्याचे वय साधारण ४६-४७ आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास धरतात. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे डॉक्टर मानतात. पण त्याच्या आधीची तीन-चार वर्षेच खरी उलथापालथीची असतात. पाळी मागेपुढे होते, अंगातून अचानक वाफा निघतात, रात्री घामाने चोळी भिजते, चिडचिड होते. अंडाशयातून येणारे स्त्रीरस, म्हणजे इस्ट्रोजेन, कमी होऊ लागते. ते भरपूर असते तेव्हा चरबी मांड्या-नितंबांवर बसते. ते आटले की चरबी आपली जागा बदलते आणि पोटावर, पोटाच्या आत आतड्यांभोवती साठू लागते. शेतात पाण्याचा पाट फोडला की पाणी दुसऱ्याच सरीत जाते, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत ‘स्वान’ नावाचा एक मोठा अभ्यास १९९० च्या दशकापासून चालला. त्यात शेकडो बायकांची मापे वर्षानुवर्षे घेतली. २०१९ साली त्यातून जे प्रसिद्ध झाले ते आपल्याला उपयोगी आहे. पाळी जाण्याचा काळ सुरू झाला की चरबी वाढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, त्याच वेळी स्नायू घटू लागतात, आणि शेवटच्या पाळीनंतर दोनेक वर्षांनी हा प्रकार थांबतो. गंमत अशी की वजनाचा काटा ह्यातले काही दाखवत नाही. तो आपला आधीच्याच चालीने हळूहळू वर जात राहतो, कारण एका बाजूने मांस जाते आणि दुसऱ्या बाजूने मेद येतो. काट्यावर आपल्या सभासदांचा एरवीही फारसा विश्वास नसतो, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. इथे तो अविश्वास योग्य ठिकाणी आहे.

काट्यापेक्षा टेप बरा

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात एक छायाचित्र छापले होते. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा आकडा अगदी एकच, २२.३. दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाच्या ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपली माणसे बारीक दिसूनही आतून मेदवान असतात, ही गोष्ट त्यांनी स्वतःच्याच शरीरावर दाखवून दिली. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी माणसे आपल्या गावच्या पारावर बसलेली रोज दिसतात. बायांच्या बाबतीत पाळी जाताना हेच चित्र आणखी ठळक होते.

म्हणून पहिले काम टेपाचे. शिंप्याचा टेप घ्यावा, पोट आत न ओढता बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर घेर मोजावा. आपल्याकडील बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावा. पुरुषांचा ९० च्या आत. (हे पुरुषांनीही मोजून पाहावे. वाचताना हसू येत असेल तर आधी मोजावे.) आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो कागद भरते त्यातही कमरेचा घेर विचारलेला असतो, तो उगाच नाही. ह्या घेराचा संबंध मधुमेहाशी, रक्तदाबाशी आणि हृदयविकाराशी आहे. पाळी चालू असेपर्यंत बाईच्या हृदयाला जे थोडेफार संरक्षण असते तेही ह्याच वयात कमी होते.

बागायत आली आणि जाते गेले

अंग सुटण्याला पाळी एकटीच कारण नाही. आम्हाला तर वाटते, निम्मे कारण आपल्या सुबत्तेत आहे, आणि ती सुबत्ता कारखान्यानेच आणली. मागच्या पिढीतली बाई पहाटे जात्यावर बसायची, विहिरीवरून पाणी आणायची, बेणे तोडायला, खुरपायला, कपाशी वेचायला जायची. आज पीठ गिरणीतून येते, पाणी नळाने येते, चटणी मिक्सरमध्ये वाटते, पाणी द्यायचे काम ठिबकने संपवले. बागायतदाराच्या घरची बाई शेतात गेली तर आता लोक विचारतात, ‘का हो, मजूर मिळाले नाहीत का?’ हे कष्ट गेले ह्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. पुन्हा जाते आणा असे सांगणारा माणूस स्वतः कधी जात्यावर बसलेला नसतो. पण कष्ट गेले आणि ताटातले तेल मात्र वाढले, हा हिशोब जुळत नाही.

शेवभाजीवर बोटभर तर्री असल्याशिवाय आपल्याला ती भाजी वाटत नाही. भरीत तर तेलात न्हाऊनच आले पाहिजे. वरणबट्टीची बट्टी तळलेली, वर तूप. आम्ही खान्देशचे जेवण सोडा असे सांगणार नाही, सांगितले तरी कोण ऐकणार? पण हिशोब करावा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल धरले तर पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा चार महिने पुरला पाहिजे. आपल्या घरी तो किती दिवस पुरतो? डबा फोडला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करावी, एवढेच सांगतो.

आता साखरेचे. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखर कमी खा असे छापून आले म्हणजे काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडोत. आपला ऊस आता इथेनॉललाही जातो, आणि साखर विकण्यासाठी सभासदाच्याच घरात मधुमेह आणण्याची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपर्यंतच ठेवावी असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही २०१५ पासून साधारण तेवढ्याच प्रमाणाला उत्तम म्हणते. पाच माणसांच्या घरात ५० किलोचे पोते सहा महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज ५५ ग्रॅम पोटात जाते. २५ ग्रॅमच्या हिशोबाने तेच पोते तेरा महिने जायला हवे. सवलतीची साखर स्वस्त मिळते म्हणून ती संपवलीच पाहिजे असा पोटनियम नाही.

ही साखर जाते कुठे? बहुतेक चहात. पाहुणा आला की चहा, पाहुणा गेला की चहा, मजूर आले की त्यांच्याबरोबर अर्धा कप. दोन चमचे साखरेचे सहा कप झाले की ६० ग्रॅम तिथेच संपले. एका ग्रॅममागे चार उष्मांक, म्हणजे २४० उष्मांक, आणि पोट तर भरलेलेच नाही. गूळ घातला तर चालतो, तो गरम असतो, अंगाला लागत नाही, हे आम्ही अनेकींकडून ऐकले. गुळात थोडे लोह असेल, पण शंभर ग्रॅममागे उष्मांक साखरेच्या जवळपासच. मेदाला गूळ आणि साखर ह्यांतला फरक कळत नाही.

सहा कपांचे तीन करून साखर एकेक चमचाच घातली, तर ४५ ग्रॅम साखर वाचते, म्हणजे १८० उष्मांक. त्यात दिवसाला दोन लहान चमचे तेल कमी केले की आणखी ९०. दिवसाला पावणेतीनशेच्या घरात बचत झाली. किलोभर चरबीत सुमारे ७७०० उष्मांक धरतात, म्हणजे कागदावर महिन्याला एक किलो उतरायला हवा. प्रत्यक्षात त्याहून कमी उतरतो, कारण अंग लहान झाले की खर्चही कमी होतो. पहिले दोन महिने बरे जातात आणि पुढे काटा अडून बसतो. तिथेच बहुतेकजणी सोडून देतात. अडला तरी तो वर गेला नाही, हेही ह्या वयात कमावलेलेच आहे.

उपवासाने काय होते

उपवासाला आमचा विरोध नाही, तो श्रद्धेचा भाग आहे. पण वजनासाठी उपवास धरत असाल तर ताटात काय आहे ते बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचा कूट आणि तेल-तूप आले की एका ताटलीत भाकरी-भाजीच्या दोन जेवणांची बेरीज होते. आणि ज्या बाया खरोखर कडक उपाशी राहतात त्यांचे वजन उतरते खरे, पण चरबीबरोबर मांसही उतरते. ह्या वयात आधीच घटत असलेले स्नायू आणखी गेले की शरीराचा रोजचा खर्च कमी होतो, आणि दिवाळीत जेवण पूर्ववत झाले की वजन दुपटीने परत येते. हाडेही त्याच काळात ठिसूळ होत असतात.

तेव्हा कमी करायचे ते तेल, साखर आणि पोळ्यांची चळत. डाळ, दूध, ताक कमी करायचे नाही. साठ किलो वजनाच्या बाईला रोज ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. आपल्या घरात पुरुषांचे आणि पोरांचे वाढून झाल्यावर पातेल्यात वरणाचे पाणी उरते, बाई त्यात भाकरी कुस्करून खाते. हा प्रकार बंद झाला पाहिजे; तो बाईने नव्हे, घराने बंद करायचा आहे. आणि उपाय बाहेरून आणायचा नाही. आपली कळण्याची भाकरी, ज्वारीत आख्खे काळे उडीद मिसळून दळलेली, ही ह्या वयासाठीच केली असावी इतकी योग्य आहे. उडदात शंभर ग्रॅममागे २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. गव्हाच्या पोळीच्या नादाने ती आठवड्यातून एकदा, तीही भरताच्या निमित्ताने होते. तिला रोजच्या ताटात आणावी. सोबत एक वाटी घट्ट वरण, एक भांडे ताक, चालत असेल त्या घरात अंडे. केळी आपल्या रावेर-यावलची, ती खुशाल खावी, पण जेवण झाल्यावर वरून दोन नव्हे. भुकेच्या वेळी एक.

काम आणि कसरत

‘दिवसभर उभी असते, मग कसरत कशाला?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. घरकाम दमवते हे खरे. पण ते तुकड्या-तुकड्यांचे, हळू चालीचे असते. त्यात श्वास वाढत नाही आणि स्नायूला जोरही लावावा लागत नाही. स्नायू टिकवायचा तर त्याला ओझे दाखवावे लागते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या दोन बादल्या अंगणात इकडून तिकडे नेणे, एवढे आठवड्यातून दोन-तीनदा केले तरी पुरते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्यावी.

त्याशिवाय चालणे. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या चालीने. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्यात पाळी जाण्याच्या वाफा. तेव्हा पहाटेशिवाय पर्याय नाही. बाई सकाळी रस्त्याने नुसतीच चालते आहे हे गावात बरे दिसत नाही, अशी अडचण अनेकजणी सांगतात. त्यावर आम्हाला एकच सुचते, चौघी-पाचजणींनी मिळून निघावे. चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणाऱ्या बायांना कोणी हसत नाही. कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत महिनाभर चालणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी असतात. पायांना सवय आहे, वर्षातून एकदाच्या ऐवजी रोजची करायची एवढेच.

ह्या सगळ्याने खरेच काही होते का? अमेरिकेत पिट्सबर्ग येथे ४४ ते ५० वयाच्या ५३५ बायांच्या दोन तुकड्या केल्या. एकीला आहार आणि चालण्याची शिस्त लावली, दुसरीला लावली नाही. साडेचार वर्षांनी पहिल्या तुकडीतल्या ५५ टक्के बायांचे वजन सुरुवातीइतके किंवा त्याहून कमी होते. दुसरीतल्या फक्त २६ टक्क्यांचे. २००३ साली हे प्रसिद्ध झाले. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन ह्यांनी आपल्याच देशातल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या स्त्री-पुरुषांवर प्रयोग करून २००६ साली दाखवले की आहार आणि चालणे सुधारल्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात फारसा फरक पडलेला नसताना. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

झोपेचेही सांगायचे राहते. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला घर जागे होते, बाई उठते, चहा टाकते. आधीच घामाने तिची झोप तुटलेली असते. तुटक्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ वाढते. चहा ज्याचा त्याने करून घ्यावा.

पिशवी काढण्याविषयी

‘पिशवी काढली तेव्हापासून अंग सुटलं’ हे वाक्य आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. अंगावरून जाते, पोट दुखते, मुले झाली, मग पिशवी काय कामाची, असे म्हणून पस्तिशी-चाळिशीत गर्भाशय काढून टाकतात. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका दिवसात अंगावर येतात. ती ठेवली तरी अनेकींत ती लवकर थकतात. म्हणजे जे सत्तेचाळीसाव्या वर्षी सावकाश यायचे ते दहा वर्षे आधी येते, आणि मेद, ठिसूळ हाडे, हृदयाचा धोका हे सगळे दहा वर्षे जास्त भोगावे लागते. कर्करोग किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर शस्त्रक्रिया करावीच लागते. पण ‘पुढे कर्करोग होईल’ एवढ्या भीतीवर कोणी घाई करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय सही करू नये. अंडाशये ठेवणार की काढणार हे आधी विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे.

ह्या बाबतीत आपल्या धंद्याचेच एक प्रकरण आहे आणि ते टाळून पुढे जाणे बरे नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीन-साडेतीन इतकेच आहे. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आजार अंगावर काढायचा, आणि शेवटी उचल घेऊन पिशवी काढायची. आपल्या फडात येणाऱ्या टोळ्यांत ह्या बाया असतात. आपल्या धुळे-नंदुरबारकडच्या आदिवासी बाया अशाच बारडोली-सुरतेकडच्या कारखान्यांवर जातात.

त्या बाईचा प्रश्न वजन उतरवण्याचा नाही. तिच्या अंगावर मुळात मांसच नाही. पस्तिशीत पाळी गेलेली, हाडे झिजायला लागलेली, आणि डोक्यावर मोळी. सभासदाच्या हातात फार नसेल, पण तोडीच्या दिवसांत आपल्या विहिरीवरचे पिण्याचे पाणी खुले ठेवणे, शेतातल्या खोलीचा संडास वापरू देणे, आणि एखादी बाई दोन दिवस खोपीवर राहिली म्हणून मुकादमाकडे तक्रार न करणे, एवढे आपल्याच हातात आहे.

औषधे आणि तपासणी

वजन उतरवणाऱ्या पावडरी, चहा, पट्टे ह्यांवर पैसे घालू नयेत. गुडघेदुखीच्या काही बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दुखणे झटकन थांबते, भूक लागते आणि तोंड-पोट सुजल्यासारखे वाढते. अंग सुटण्याचे तेही एक कारण आम्ही पाहिले आहे. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी. २०२५ पासून मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने आपल्याकडे मिळू लागली. त्यांनी वजन खरोखर उतरते, पण मांसही जाते, आणि बंद केली की वजन बहुधा परत येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची गोष्ट आहे. वाफा आणि घाम असह्य झाले तर हार्मोनची औषधेही आहेत. ती वजन उतरवायची नव्हेत, आणि त्यांनी वजन वाढते ही भीतीही खरी नाही. कोणाला चालतील हे तपासूनच ठरते.

थकवा, थंडी वाजणे, बद्धकोष्ठ आणि वजन असे एकत्र असेल तर थायरॉइड तपासून घ्यावे. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीनंतर रक्तदाब आणि रक्तातील साखर मोफत तपासतात. आणि पाळी पूर्ण जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेले, अगदी थेंबभर, एकदाच, तरी तोडीची गडबड आहे म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.